हिंमत कमी लागावी म्हणून

(डोंबिवली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. या गावात त्यांनी आयुष्यभर जनरल प्रॅक्टिस केली, दवाखाना बंद केल्यावर रात्री घरोघरी जाऊन पेशंट तपासले, एवढं संयोजकांकडून कळलं. घरी येणारे डॉक्टर आता दुर्मीळ झाले. आणि मला आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांची अडचण नेमकी तीच आहे. ही माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. पाय धडधाकट असतात. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. तरी सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की छातीत धडधड सुरू होते.

पत्रिकेत विषय छापलाय, 'बाहेर पडण्याची भीती आणि उपचार घेण्याचं धैर्य'. विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण तयारी करता करता त्यातल्या उत्तरार्धाविषयी माझं मन जरा बदललं. कसं, ते शेवटाकडे सांगेन.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेविका म्हणून नोकरी केली. औषधं लिहून देणं माझं काम नव्हतं. पेशंटशी आणि विशेषतः घरच्यांशी बोलत बसणं हे माझं काम. आज ज्या माणसांविषयी सांगणार आहे ती खरी आहेत, पण ओळख पुसून, दोघाचौघांचं मिळून एक, अशी सांगणार आहे. कुणी ओळखीचं वाटलं तर तो आजाराचा सारखेपणा समजा.

एक बाई. तिशीतली. फोर्टमध्ये बँकेत नोकरी, घर इथेच पूर्वेला. रोजची सकाळची फास्ट. त्या वेळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा तो बोगदा सव्वा किलोमीटरहून थोडा लांब आहे. गाडी वेगात असेल तर बोलता बोलता मागे पडतो. एके दिवशी गाडी आतच थांबली. सिग्नल असेल, काहीतरी असेल. सकाळी आठला लेडीज डब्यात काय गर्दी असते हे डोंबिवलीकरांना मी काय सांगू! तिला एकदम वाटलं, श्वास पुरत नाहीये. हातापायांना मुंग्या आल्या, तळवे गार पडले, घसा कोरडा झाला, आणि डोक्यात एकच वाक्य फिरायला लागलं, मी आता इथेच मरणार. काही मिनिटांनी गाडी हलली. ठाण्याला मैत्रिणींनी उतरवलं, पाणी दिलं, रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी साफ. तिथले डॉक्टर म्हणाले, गॅस झालाय, दगदग कमी करा.

यात आजार कुठे आहे? अजून तरी कुठेच नाही. असा झटका, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात तो, पुष्कळांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी येऊन जातो आणि ते विसरूनही जातात. आजार सुरू होतो दुसऱ्या दिवशी. ती फास्ट सोडून स्लो पकडते, कारण स्लो दर दोन-तीन मिनिटांनी थांबते, वाटलं तर उतरता येतं. मग स्लोसुद्धा दाराजवळ उभं राहायला मिळालं तरच. मग ठाण्यापर्यंत नवरा सोबत. मग रजा, मग बिनपगारी रजा, मग राजीनामा. सासूबाई म्हणतात, बरं झालं, पोराकडे लक्ष देता येईल. मग भाजी नवरा आणायला लागतो. मग बहिणीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी हिची तब्येत नेमकी बरी नसते. दिवाळीच्या पहाटे सगळं गाव नटूनथटून फडके रोडवर लोटतं आणि ही म्हणते, मला गर्दी आवडत नाही, तुम्ही जाऊन या.

दोनेक वर्षांत एवढं सगळं झालं आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. प्रत्येक वेळी कारण रास्त होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, कशाला जीवाला त्रास?

या दुखण्याला ॲगोराफोबिया हे नाव दिलं बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल नावाच्या डॉक्टरांनी, १८७१ साली. त्यांच्याकडे आलेले तिघेही पेशंट पुरुष होते, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. या तिघांना शहरातले मोकळे चौक ओलांडता येत नव्हते. रस्ते ओस पडले, दुकानं बंद झाली की त्रास वाढायचा. मग बरं कशानं वाटायचं? सोबत कुणी असलं तर. बाजूनं एखादी घोडागाडी चालली असली तर. हातात काठी असली तर. किंवा निघण्याआधी थोडी बिअर, थोडी वाइन घेतली तर. वेस्टफाल यांनी हे सगळं टिपून ठेवलंय.

त्यांची ही यादी वाचताना मला आमच्या ओपीडीतली बाकं दिसायला लागली. तिथे काठी नसायची, पाण्याची बाटली असायची. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी, घ्यायची नाही पण हवी. पूर्ण चार्ज केलेला मोबाईल. चौघडी घालून ठेवलेला जुना ईसीजी, रस्त्यात काही झालं तर दाखवायला. आणि सोबतीला माणूस. कधी कधी तो माणूस चार वर्षांचा मुलगा असायचा. चार वर्षांचं पोर आईला काय सावरणार? तिलाही ते कळतं. तरी बोट धरल्याशिवाय जिना उतरवत नाही.

आजची वैद्यकीय व्याख्या पाच प्रकारच्या जागा सांगते. बस-लोकलसारखी वाहनं. मैदान, पूल अशा मोकळ्या जागा. दुकान, थिएटर अशा बंदिस्त जागा. रांग किंवा गर्दी. आणि घराबाहेर एकटं असणं. यातल्या किमान दोन ठिकाणी, सहा महिने किंवा जास्त, अशी भीती की माणूस ती जागा टाळतो नाहीतर जीव मुठीत धरून सोसतो. आणि भीती कसली, तर इथे काही झालं तर मला निसटता येणार नाही, मदत मिळणार नाही. या पाच जागा लक्षात ठेवा. मी परत त्यांच्याकडे येणार आहे.

आता, हा आजार वाढतो कशावर? माझ्या मते हा आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळते.

छाती धडधडते ती शरीराची पळायची तयारी असते. समोर साप असता तर ती तयारी उपयोगी पडली असती. साप नाही, पण तयारी झाली. श्वास जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हे सगळं त्रासदायक आहे, धोकादायक नाही. पण ज्याला होतं त्याला ते हार्ट अटॅकसारखं वाटतं, आणि तसं वाटल्यानं धडधड आणखी वाढते. भीती बसते ती या धडधडीचीच. रस्ता निमित्तमात्र.

'चक्कर येऊन रस्त्यात पडेन' हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल! मी विचारायची, पडला होतात कधी? बहुतेक जण थोडं थांबायचे आणि म्हणायचे, नाही, पडेन असं वाटलं. बेशुद्ध पडायला रक्तदाब खाली यावा लागतो. अशा झटक्यात तो बहुधा वर गेलेला असतो. रक्त किंवा सुई बघून पडणारी माणसं वेगळी, त्यांची गोष्ट वेगळी.

पण रस्त्यात असं झालं की माणूस काय करतो? मागे फिरतो. घरी येतो, दार लावतो, पंख्याखाली बसतो. पाचव्या मिनिटाला बरं वाटतं. आणि मेंदू हिशेब मांडतो, परत आलो म्हणून वाचलो. खरं म्हणजे तिथेच थांबला असता तरी झटका उतरलाच असता. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. पण थांबून बघितलंच नाही तर कळणार कसं? ही सुटका सावकाराकडून घेतलेल्या उचलीसारखी आहे. आजची नड भागते, उद्याचं कर्ज वाढतं. आज फाटकापासून परतलेला माणूस पुढच्या आठवड्यात जिन्यावरून परततो, आणि घरचे प्रेमानं म्हणतात, राहू दे, मी आणून देतो.

घरच्यांची ही माया मी फार जवळून पाहिली. तिला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण आजार तिच्यावर पोसतो, हे मला स्वच्छ सांगितलं पाहिजे. सगळ्या वस्तू घरात येतात, सगळे निरोप दुसरा सांगतो, सगळ्या लग्नांना दुसरा जाऊन येतो. घर फार सोयीचं होऊन जातं.

आता वेस्टफाल यांच्या त्या तीन पुरुषांकडे वळू. हा आजार आज पुरुषांच्या साधारण दुप्पट स्त्रियांमध्ये सापडतो. बर्लिनमध्ये मात्र डॉक्टरकडे आले ते पुरुष. त्या काळी पुरुष घरात बसला तर पगार बंद, म्हणून तो डॉक्टर गाठणार. बाई घरात बसली तर कुणाचं काय अडलं, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणते, पण तो आपल्याकडे रोज खरा ठरताना मी पाहिला. घरात बसणारी सून आपल्याकडे कुणाला आजारी वाटत नाही. उलट शेजारणी कौतुक करतात, किती घरेलू आहे! पुरुष घरी बसला की त्याला घरकोंबडा म्हणतात, आणि त्या टोमण्याच्या धाकानं तो एक वेळ बाहेर पडतो, नाहीतर पिऊन बाहेर पडतो. बर्लिनची बिअर इथेही आहेच. व्यसनाच्या उपचाराला आलेल्या किती पुरुषांच्या पोटात मुळात ही भीती होती, ते दारू सुटल्यावर कळायचं.

आणि मग मार्च २०२० आला. अख्ख्या देशाला सांगितलं गेलं, घराबाहेर पडू नका. ज्यांना ही भीती होती त्यांच्याकडे आता कुणी बोट दाखवेना. फोनवर एकजण मला म्हणाले, ताई, आता सगळेच माझ्यासारखे झाले. गाड्या पुन्हा सुरू झाल्या, सगळे बाहेर पडले. हे पडले नाहीत. घरून काम करायची मुभा मिळालेल्यांना तर कुणी विचारलंही नाही.

मग हे लोक उपचार का घेत नाहीत? निम्हान्स या मनोविकारांवर काम करणाऱ्या संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांत केलं; महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपण काही फार निराळे असू असं मला वाटत नाही. त्यात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक विकारांनी त्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना आहेत. म्हणजे उपचार न घेणं हाच आपल्याकडे नियम आहे.

कारणं तुम्हालाही माहीत आहेत. लोक काय म्हणतील. मुलीचं लग्न जमायचंय. वेड्यांच्या डॉक्टरकडे मी कशाला जाऊ? आपल्या या भागात तर एक खास वाक्य आहे, 'ठाण्याला न्यावं लागेल'. पुण्याकडे येरवडा म्हणतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून आपण थट्टेत, रागात, भांडणात त्याचं नाव घेऊन घेऊन लोकांना दरवाज्यातूनच परत पाठवलं. आधी मीठमोहऱ्या ओवाळून होतात, मग अंगारा, मग बी-१२ची इंजेक्शनं, मग हृदयाच्या डॉक्टरांकडे दोन चकरा, मग पोटाच्या. मानसोपचार शेवटी. शेवटी म्हणजे कधी कधी पाच-सात वर्षांनी.

पण या आजारात उपचार न घेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते लाजेपेक्षा साधं आहे. मघाच्या त्या पाच जागा आठवा. आमच्या ओपीडीत यायचं तर काय करावं लागायचं? लोकल पकडायची. स्टेशनचा पूल ओलांडायचा. केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं. गच्च भरलेल्या, एकच दार असलेल्या खोलीत नंबर येईपर्यंत बसायचं. आणि घरचं कुणी आलं नसेल तर हे सगळं एकट्यानं. पाचच्या पाच! लंगड्या माणसाला सांगावं, हाडांचे डॉक्टर चौथ्या मजल्यावर बसतात, लिफ्ट नाही, असा हा प्रकार. आणि तो नाही आला की आपण म्हणतो, याच्यात हिंमतच नाही, याला बरं व्हायचंच नाही.

मग मला सांगा, हिंमत कुणाची कमी पडली?

खाजगीत रांग नसते, हे खरं. पण समुपदेशकाच्या एका तासाची फी हजार-दीड हजाराच्या घरात, कुठे त्याहून जास्त, आणि एका तासात भागत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्या. पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावर पैसे देतात, आणि हा पेशंट दाखल होत नाही. त्याचं दुखणं घरातल्या घरात असतं.

आता आत काय होतं ते सांगते, कारण न पाहिलेल्या खोलीची भीती जास्त असते. लोकांना वाटतं, गेल्या गेल्या शॉक देतील, गुंगीची औषधं देतील, किंवा सरळ नेऊन गर्दीत सोडतील. यातलं काहीही होत नाही. पहिल्या भेटीत बहुतेक वेळ प्रश्न असतात. कधी सुरू झालं, काय होतं, काय टाळता, सोबत काय बाळगता. थायरॉईड, रक्तक्षय, हृदयाचे ठोके हे तपासून घेतात. मग मी मघाशी सांगितलं ते शरीराचं गणित समजावून सांगतात. निव्वळ ते ऐकून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. मरत नाही, वेड लागत नाही, आणि अशी मी एकटी नाही, हे ऐकायला ती किती वर्षं थांबलेली असतात!

आणि मग एक जिना बांधतात. तो पेशंटनंच बांधायचा, डॉक्टरनं नाही. त्या बँकेतल्या बाईंचा जिना साधारण असा होता. आधी सोसायटीच्या गेटपर्यंत, पण तिथे उभं राहायचं, लगेच फिरायचं नाही. मग कोपऱ्यावरचा वाणी. मग दुपारचा निवांत फडके रोड. मग संध्याकाळचा. मग स्टेशनचा पूल. मग फलाटावर नुसतं जाऊन बसायचं, गाडीत चढायचं नाही, गाड्या जाऊ द्यायच्या. मग दुपारच्या रिकाम्या स्लोनं कोपरपर्यंत. एकच स्टेशन. कोपरला उतरून परत. मग दिवा. मग मुंब्रा. मग ठाणे. नवरा आधी शेजारी, मग शेजारच्या डब्यात, मग कोपरच्या फलाटावर वाट बघत, मग घरी. पाण्याची बाटली, गोळ्यांची पट्टी, जुना ईसीजी, एकेक करून घरी ठेवायचं.

नियम दोनच. भीती शिगेला असताना मागे फिरायचं नाही. ती उतरायला लागली की मग खुशाल घरी जा. आणि एक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची. हो, कंटाळा. मला तर कोपरचा कंटाळा आला, असं तिनं येऊन सांगितलं त्या दिवशी आम्ही चहा मागवला.

हे सोपं आहे असं मी म्हणत नाही. मध्ये एक मोठा झटका आला आणि ती तीन आठवडे घरातून हलली नाही. जिना पुन्हा गेटपासून सुरू केला. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला. बहुतेकांचं असंच होतं.

यात काही नवीन नाही, बरं का. फ्रॉइड, ज्यांचं नाव घेतलं की आपल्याला कोचावर पडून बोलणारा पेशंट आठवतो, त्यांनीही सप्टेंबर १९१८मध्ये बुडापेस्टला सांगितलं होतं की या पेशंटांना नुसतं बोलतं करून भागणार नाही. त्यांना रस्त्यावर जाऊन भीतीशी झगडायला तयार करावं लागेल. पुढे लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात आयझॅक मार्क्स यांनी ही पद्धत बारकाईनं तपासली. आज जगभर हीच मुख्य वाट आहे.

औषधांचं काय? लागतात, काहींना. नैराश्यावर देतात त्याच जातीची औषधं या भीतीवरही चालतात. ती चढायला दोन ते चार आठवडे घेतात, सुरुवातीला थोडं अस्वस्थही वाटतं, आणि नेमकं तेव्हा माणसं ती सोडून देतात. त्यांची सवय लागत नाही, पण आपल्या मनानं एकदम बंद करायची नसतात. सवय लागते ती झटपट शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या ओळखीच्या केमिस्टकडून आणून वर्षानुवर्षं घेणारे लोक या सभागृहातही असू शकतील. त्यांना रागावत नाही मी. त्यांनी स्वतः काहीतरी उपाय शोधला, एवढाच त्याचा अर्थ. पण हा उपाय बर्लिनच्या बिअरच्याच घरातला आहे. आणि तोही अचानक तोडू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

आता माझं मन कुठे बदललं ते सांगते.

मी इतकी वर्षं पेशंटना सांगत आले, हिंमत करा. घरच्यांना सांगत आले, हिंमत द्या. परवा हे भाषण लिहायला बसले आणि जे खरोखर आले, बरे झाले, त्यांची चेहऱ्यागणिक आठवण काढली. ते हिंमत गोळा करून आले होते का? फार थोडे. बहुतेक आले कारण मध्ये कुणीतरी काम सोपं करून ठेवलं होतं. एकीच्या फॅमिली डॉक्टरांनी स्वतः फोन करून वेळ घेतली होती आणि 'तुम्ही रांगेत थांबू नका' असा निरोप दिला होता. एकाच्या मोठ्या भावानं काही न बोलता रिक्षा थेट दारात आणली. एका मुलीनं आईची सगळी लक्षणं कागदावर लिहून आणली, आई स्वतः नाक्यापर्यंतच आली होती. आमचं पहिलं बोलणं तिथे, रसवंतीच्या बाकावर झालं. एकीला शेजारीण म्हणाली, मीही जाते ग, गेली दोन वर्षं. या शेजारणीनं एका वाक्यात जे केलं ते आमच्या विभागाला वर्षभराच्या पोस्टरांनी जमलं नसेल.

ऑस्ट्रेलियात क्लेअर वीक्स नावाच्या डॉक्टर होऊन गेल्या. मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ, तरुणपणी स्वतः अशाच धडधडीनं हैराण झालेल्या. १९६२ साली त्यांनी या भीतीवर साध्या भाषेत पुस्तक लिहिलं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी त्यांनी आपलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्या तबकड्या, कॅसेटी पेशंटच्या घरी जाऊ लागल्या. पेशंट येऊ शकत नाही ना, मग आवाज जाऊ दे. तुमच्या गावचे डॉक्टर रात्री घरोघरी जात होते, ते याहून वेगळं काय होतं?

तेव्हा धैर्याचं कौतुक पुरे. ते आपल्याला फार स्वस्त पडतं. पेशंटला किती धैर्य लागतं यावर टाळ्या वाजवण्यापेक्षा ते कमी कसं लागेल ते बघू. काही गोष्टी झाल्याही आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि या पट्ट्यातल्या मध्यमवर्गाला, मनाच्या तक्रारीसाठी जायची एक साधी जागा मिळाली. २०१७च्या कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे. तुमच्या संमतीवाचून तुमची माहिती सहसा कुणाला सांगता येत नाही, साहेबांना नाही, व्याह्यांना नाही. व्हिडिओवर समुपदेशन आता सर्रास होतं, पहिल्या काही भेटी घरातूनच होऊ शकतात. फक्त तिथेच अडकू नका. स्क्रीनवरचा डॉक्टर कोपरला घेऊन जाऊ शकत नाही, तिथे तुमचं तुम्हाला जावं लागतं.

इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हणू नका. काही झालेलं नसतं तर ती बाई दोन वर्षं घरात कशाला बसली असती? 'तुमचं हृदय चांगलं आहे, त्रास खरा आहे, आणि त्यावर उपाय करणारे माझ्या ओळखीचे आहेत', एवढी तीन वाक्यं म्हणा. आणि चिठ्ठी नुसती देऊ नका, वेळ ठरवून द्या.

घरच्यांना विनंती आहे. 'मन घट्ट कर' हे सांगणं थांबवा. मन घट्ट करून करूनच ती दमली आहे. आणि सगळी कामं तिच्याऐवजी करणंही हळूहळू थांबवा. सोबत जा, बदली जाऊ नका. पहिला फोन तुम्ही लावा, बोलणं तिचं असू दे.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं बोलले ते आज इथे नाहीत, असूच शकत नाहीत. हे व्याख्यान छापून निघणार आहे असं संयोजक म्हणाले, म्हणून मी हो म्हटलं. तुम्ही घरी बसून हे वाचत असाल तर बाहेर पडायची घाई करू नका. एक कागद घ्या. काय होतं, कधीपासून, काय काय टाळता, हे मोडक्यातोडक्या शब्दांत लिहा. घरातल्या एका माणसाला तो वाचायला द्या. आणि १४४१६ हा टेलीमानसचा नंबर फिरवा. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ला ही सेवा सुरू केली. ती चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बोलायला सुचलं नाही तर तो कागद वाचून दाखवा.